आज घरात काय काय झालं?

समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

आज मी तुमच्याशी घराबद्दल बोलणार आहे. ज्या घरातून आज नटूनथटून, केसांना तेल चोपडून, आईचं ‘नीट जा गं’ ऐकत तुम्ही इथं आलात, त्याच घराबद्दल. ते नीट बघून ठेवा आणि लिहून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. पण ते का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

मी इथलीच, शिरोली पुलाची या गावची. वडील एका फौंड्रीत मोल्डर होते. पंचगंगेच्या पाण्यावर ऊस आला, उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं आली, इंजिनं बिघडली की दुरुस्तीला माणसं लागली, आणि दुरुस्ती करता करता इथल्या मिस्त्री लोकांनी सुटे भाग स्वतःच ओतायला घेतले. कोल्हापूरचं उद्यमनगर त्यातून उभं राहिलं. पुढं जागा अपुरी पडली, आणि 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानं महामार्गालगत शिरोलीची ही वसाहत वसवली. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातली चूल याच भट्ट्यांवर पेटते. आमचीही पेटत होती.

आमचं घर कौलारू, मातीच्या भिंतींचं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परसू आणि परसात म्हशीचा गोठा. वडील कामावरून आले की आई त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. आधी अंगणात उभं राहून शर्ट काढायचा, विजारीचे खिसे उलटे करायचे. मोल्डिंगची, म्हणजे ओतकामाचे साचे करायची, वाळू काळी असते. तिच्यात बेंटोनाइट माती आणि दगडी कोळशाची पूड मिसळलेली असते. ती कानात बसते, नखात बसते, पापण्यांवरसुद्धा बसते. खिशातून तिची बारीक धार पडायची. मग परसातल्या बंबातलं कढत पाणी, शिकेकाई, आणि न्हाणीच्या मोरीपाशी साठलेला काळा गाळ. तो गाळ आई खराट्यानं ओढून तुळशीपलीकडं टाकायची. मग वडील गोरेपान होऊन सोप्यात बसायचे आणि आम्हा भावंडांना वाटायचं, आत्ता आपले वडील घरी आले.

एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. शाळेला सुट्टी रविवारी आणि इथल्या कारखान्यांना सोमवारी. बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत, आणि पोरं घरी तेव्हा बाप कामावर. कोल्हापूरच्या कामगारांच्या कितीतरी पिढ्या अशा वाढल्या. म्हणून वडील सकाळी घरी दिसणं हा आमच्यासाठी सणच असे. मला लहानपणचा असाच एक मोठा सण आठवतो. वडील सलग पुष्कळ दिवस घरी होते. सोप्यात खाटेवर बसून त्यांनी आम्हाला पतंग करून दिले, बाभळीच्या लाकडाचा भोवरा तासून दिला, रोज संध्याकाळी आमचे पाढे घेतले. माझ्या आठवणीत त्या घरातले सर्वांत सुखाचे दिवस तेच. इतके दिवस ते घरी कसे काय होते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आता दुसरी गोष्ट. माझा मामा मुंबईला लालबागच्या एका गिरणीत होता. आई चौथी शिकलेली, पण मामाला महिन्या-दोन महिन्यांनी पत्र घालायची. निळं आंतरदेशीय पत्र. त्यात मोठं काही नसायचं. ‘म्हशीला रेडी झाली. पाऊस दमानं पडतोय. धाकटीचा दात पडला, कौलावर टाकला. शेजारच्या काकूंनी नवा स्टोव्ह घेतला, पण भाकरी अजून चुलीवरच करतात. ह्यांची रातपाळी संपली.’ शेवटी ठरलेलं, इकडील सर्व ठीक, तिकडील कळवणे. जागा उरली तर दुमडायच्या पट्टीवर आडवं लिहायची: ‘ह्यांच्या खिशातली वाळू झाडून झाडून अंगणाचा रंग पालटलाय.’

1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला फार तर दोन ओळी असतील, पण कोल्हापूर, सातारा, कोकणातल्या हजारो घरांची घडी त्यानं मोडली. मामा एक लोखंडी ट्रंक घेऊन गावी परत आला आणि पुन्हा मुंबईला गेला नाही. ती ट्रंक त्याच्या माघारी मामीनं उघडली. तळाला आईची पत्रं होती, तारखेवार लावून सुतळीनं बांधलेली. मामीनं ती माझ्या हातात दिली.

त्यात एका पत्रात आईनं लिहिलं होतं: ‘ह्यांच्या पायावर तापलेल्या लोखंडाचा थेंब उडाला. बुटातून आत गेला. डॉक्टरनी घरी बसायला सांगितलंय. पगार नाही. पोरं मात्र खूश आहेत, बाप घरी आहे म्हणून.’

मुलांनो, ओतायच्या वेळी लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्याचा एक थेंब पायावर घेऊन माझे वडील त्या खाटेवर बसले होते आणि आमच्यासाठी भोवरा तासत होते. माझ्या आठवणीनं भोवरा ठेवला आणि पायाची पट्टी टाकून दिली. मी खूप विचार करून बघितला, मला ती पट्टी काही केल्या दिसत नाही. आई दोन ओळी लिहून गेली नसती, तर माझ्या बापाचं ते दुखणं या जगात कुठंच उरलं नसतं. आणि माझं सुखही अर्धंच कळलं असतं मला.

म्हणून सांगते, नुसत्या आठवणीवर विसंबू नका. आठवण प्रेमळ असते, पण ती निवडून ठेवते. रोजचं साधं, कुणाला सांगण्यासारखं वाटत नाही असं, ते कुणीतरी त्याच दिवशी लिहून ठेवावं लागतं.

आमचं ते घर आज नाही. 2005 च्या जुलैअखेरच्या पुरात भिंती भिजल्या, मागची बाजू खचली, आणि भावानं तिथं स्लॅबचं घर बांधलं. चांगलं केलं, मातीच्या भिंतीत पुन्हा पुराची वाट बघत कुणी राहावं? पूर आपल्याला नवा नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 ला धोका, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही तोंडपाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा तुमच्यातले थोरले विद्यार्थी अगदी लहान होते. त्या दिवसांत तुमच्या घरी कोण राहायला आलं, दूध कुठून आणलं, गादी कुठं वाळत घातली, हे आईवडिलांना विचारा. अजून त्यांना आठवतंय. आणखी दहा वर्षांनी त्यातलं निम्मं गेलेलं असेल.

काही घरं मात्र जपली जातात. नदीपलीकडं कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म तिथला, 26 जून 1874 चा. ती वास्तू स्मारक म्हणून जपली गेली, आणि जपायलाच हवी होती. तुमची सहल गेली नसेल तर यंदा जरूर जा. पण मोल्डरचं घर कोण जपणार? खंडानं केलेल्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबाचं कागलमधलं घर कोण जपणार? ते त्याच घरात वाढलेल्या लेखक आनंद यादवांनी स्वतः जपलं. ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी त्या घरातली भूक, मार, भावंडं, शिक्षणासाठी बापाशी केलेली झटापट सगळी मांडली, आणि 1990 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढच्या एका खंडाचं नाव तर त्यांनी ‘घरभिंती’ असंच ठेवलं. नववी-दहावीच्या मुलांनी ही पुस्तकं ग्रंथालयातून मागून घ्यावीत.

आता समोरच्या काही मुलांशी मला मुद्दाम बोलायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांचे आईवडील बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, कर्नाटकातून इथं कामाला आलेत. तुम्ही शिये फाट्याकडं, नागाव फाट्याकडं भाड्याच्या खोल्यांत राहता. कुणी विचारलं की तुम्ही म्हणता, आमचं घर गावाकडं आहे. ते आहेच. पण तुम्ही जिथं अभ्यास करता, जिथं पत्र्यावर पाऊस वाजतो, जिथं रातपाळीहून आलेला बाप झोपलाय म्हणून तुम्ही कुजबुजत खेळता, ती एका खोलीची जागा हेच तुमचं लहानपणीचं घर आहे. मालक बदलेल, खोली बदलेल, शेड पडून नवी इमारत होईल. त्या खोलीची दुसरी कुठंही नोंद नाही. तुम्ही केलीत तरच ती होणार.

तुम्ही रोज फोनवर आजीशी बोलता, ‘खाना खाया’ म्हणून सांगता. थोडं अधिक सांगत जा. काय खाल्लं, कुणी वाढलं, कुणाशी भांडलात, बाबा किती वाजता आले. आजीला तेच हवं असतं. आणि तेच रात्री चार ओळींत उतरवा, कारण फोन हरवतो, फुटतो, विकला जातो.

निबंधातलं ‘माझे घर’ लिहू नका. कौलारू टुमदार घर आणि पुढं बाग, असलं काही मला नको. पाणी किती वाजता येतं, पहिली घागर कोण भरतं, टीव्हीपुढं कोण कुठं बसतं, आई कुठलं गाणं गुणगुणते, बाबांच्या कपड्यांना कसला वास येतो, हे लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, भोजपुरीत, कन्नडमध्ये, ओडियात लिहा. शुद्धलेखनाचे गुण कुणी कापणार नाही. तसं तुमच्या बाईंकडून मी कबूल करून घेतलंय.

मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी प्रत्येकासाठी एकेक दोनशेपानी वही आणली आहे. पहिल्या पानावर घराचा नकाशा काढायचा. पट्टी न लावता, पण दार कुठल्या दिशेला ते बरोबर हवं. दुसऱ्या पानावर आजची तारीख घालायची आणि या कार्यक्रमाला येण्याआधी घरात काय काय झालं ते लिहायचं. वह्या फाटकापाशी टेबलावर ठेवल्यात. रांगेनं घ्या, पहिली-दुसरीच्या मुलांना आधी घेऊ द्या. पालकांपैकी कुणाला हवी असेल तर त्यांनीही संकोच करू नये, जादा आणल्यात.