निनावी पत्र आणि सरकारी हेर



हेरखात्यावर लोकांचा विश्वास का बसत नाही, हे समजावयाचे असेल तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांची हकीकत आपण ध्यानी घ्यावी. त्यांच्या सल्लागारांत कम्युनिस्ट आहेत, या वहिमावरून ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांचे टेलिफोन चोरून ऐकण्यास अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी परवानगी दिली. एफबीआय खाते तेवढ्यावर थांबले नाही. हॉटेलांच्या खोल्यांत यंत्रे दडवून केलेल्या ध्वनिफितीसह नोव्हेंबर १९६४ मध्ये त्याने किंग यांना निनावी पत्र धाडले. ३४ दिवसांत काय ते करा, आता एकच मार्ग उरला आहे, असा त्यातील मजकूर होता. आपण आत्महत्या करावी असेच हे सुचविणे आहे, हे किंग यांनी ओळखले. ते पाकीट त्यांच्या पत्नीच्या हाती पडले होते. कायद्याच्या रक्षकांनी निनावी पत्रे लिहावीत, याला काय म्हणावे?

या खात्याचे बिंग फुटले ते सरकारच्या मेहेरबानीने नव्हे. ८ मार्च १९७१ च्या रात्री काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातील मीडिया गावच्या एफबीआय कचेरीतील कागद पळवून वृत्तपत्रांस पाठविले. त्यांत प्राध्यापक होते, तसा टॅक्सीचालकही होता! पुढे १९७५ मध्ये सीनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने चौकशी केली, आणि परकीय हेरगिरीच्या सबबीवर देशात टेलिफोन ऐकावयाचा तर न्यायालयाचा हुकूम हवा, असा कायदा १९७८ मध्ये झाला. परंतु ते न्यायालय बंद दाराआड बसते. त्यानेच कोट्यवधी नागरिकांच्या टेलिफोनच्या नोंदी गोळा करण्यास संमती दिली होती, हे लोकांस कळावयास २०१३ साल उजाडावे लागले.