दिव्यांग बालकाचे पालक आणि कृतज्ञतेचा भाव



ज्या घरी मतिमंद, मूकबधिर अथवा दृष्टिहीन मूल जन्मास येते, त्या घरी पहिली काही वर्षे कृतज्ञतेचा शब्द सहसा कोणाच्या ओठी येत नाही. आणि बाहेरच्याने तो तेथे नेऊन पोचवूही नये. "देवाने दिले ते गोड मानून घ्या" असे सांगणारे शेजारी पुष्कळ. ते मूल तासभर सांभाळून आईला विसावा देणारे विरळा. तथापि हा भाव कित्येक पालकांच्या ठायी पुढे आपोआप उगवतो. तो कोठून येतो, हे पाहावयास विदर्भाबाहेर जाण्याचे कारण नाही.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. संत गाडगेबाबांच्या विचारांनी भारलेल्या या गृहस्थांनी टाकून दिलेली १२३ दिव्यांग मुले आपली मानली व त्यांना स्वतःचे आडनाव दिले. २०२४ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा राहिला म्हणजे काय होते, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

नागपूर रेल्वे स्थानकावर सोडून दिलेली एक मूकबधिर बालिका तेथेच वाढली. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरातच तिचा विवाह झाला आणि तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केले. जळगाव स्थानकावर सापडलेली दुसरी, दृष्टिहीन कन्या ब्रेल शिकली, पदवीधर झाली, लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली व नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू झाली.

अशा कथा सभेत शोभतात. पालकाच्या ओसरीवर मात्र त्या जपून सांगाव्यात. ज्याचे मूल कधीही परीक्षेस बसणार नाही, त्याच्या मनाला त्या बोचतात. वझ्झरलाही परीक्षा न देणारी मुले आहेतच, आणि आडनाव त्यांनाही तेच मिळाले आहे. पालकाला धीर मिळतो तो या गोष्टीने.

शिवाय एक काळजी अशी आहे, की जी कृतज्ञतेला मुळाशी कुरतडते: आपल्या पश्चात या लेकराचे काय? बालगृहातील मुलाने अठराव्या वर्षी बाहेर पडावे, असा नियम आहे. अशा मुलांस आजन्म तेथेच राहू द्यावे, ही मागणी पापळकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. गावातील आईबापही निराळ्या शब्दांत तेच विचारीत असतात. त्यांस उपदेश नको, माहिती हवी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत; त्यात ठरविलेल्या प्रमाणाचे दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तीव्र दिव्यांग बालकास घरी राहून शिकण्याचीही सोय आहे. प्रमाणपत्राचा अर्ज शिक्षकाने स्वतः भरून दिला, तर बापाची एक मजुरी वाचते.

राहिली वहीची गोष्ट. अशा प्रत्येक मुलासाठी एक साधी वही ठेवावी व तीत केवळ घडलेले लिहावे: 'सोमवारी सदऱ्याचे वरचे बटण स्वतः लावले.' 'पाण्यासाठी रांगेत थांबला, ढकलले नाही.' 'गुरुजींचे नाव अर्धे उच्चारले.' 'हुशार होत आहे' असे मोघम वाक्य नसावे; आईला ते खोटे वाटते. बटणाचे वाक्य खोटे वाटत नाही, कारण रोज सकाळी ती बटणे तीच लावीत असते. दर शनिवारी वही घरी धाडावी. आईला वाचता येत नसल्यास थोरल्या भावंडाने ती मोठ्याने वाचावी, आणि मूल तेव्हा जवळच बसलेले असावे.