हापूसचा खाडा आणि कल्टारची मात्रा
(आंबा बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



१५ जुलै तोंडावर आली आहे. आता घरोघर कल्टारच्या बाटल्या येतील. म्हणून कीड-रोगाचा विषय आज बाजूला ठेवून या एकाच औषधाबद्दल बोलायचे मी ठरवले आहे.

माझ्या मामांची देवगड तालुक्यात साठ कलमांची बाग आहे. वयोमानाने जमेना, म्हणून त्यांनी ती पाच वर्षांच्या कराराने दिली. पहिली दोन वर्षे आंबा असा लागला की शेजारचे बागायतदार पाहायला आले. करार संपून बाग परत ताब्यात आली तेव्हा मी मामांबरोबर गेलो होतो. नव्या काडीचे पेरे बोटाच्या पेरापेक्षा आखूड, पाने टोकाला गुच्छासारखी जमलेली. मोहोर आखडून घट्ट झुबका झालेला, आत हवा शिरायला जागा नाही, त्यावर भुरी. फळ जवळपास नाहीच. मामा म्हणाले, "भाच्या, तू यातलाच शिकलास ना, मग सांग, झाडाला रोग कोणता?" रोग कोणताच नव्हता. बाटली दरवर्षी अंदाजाने ओतली होती, एवढेच.

औषध वाईट आहे, असे मी म्हणत नाही. दापोलीच्या आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूसवर प्रयोग करून त्याची शिफारस केली आहे आणि ती योग्य आहे. पण ते झाडात नेमके काय करते हे समजले, तर मात्रा चुकणार नाही.

हापूस एक वर्ष भरघोस येतो आणि पुढच्या वर्षी खाडा करतो. भरल्या वर्षी झाडाची साठवण फळांत जाते. शिवाय फळातील कोवळ्या बीमध्ये जिबरेलिन नावाचे संजीवक तयार होते. हे संजीवक वाढीचे. ते काडीत जास्त असेपर्यंत डोळ्यातून मोहोर न येता पालवीच येते. काढणीनंतर थकलेले झाड उशिरा, पाऊस संपता संपता पालवते. ती काडी थंडीपर्यंत जून होत नाही, आणि कोवळी काडी मोहोरत नाही. (पिस्त्याच्या झाडालाही हीच खोड आहे, पण तेथे पुढच्या वर्षाच्या कळ्या आधी तयार होतात आणि दाणा भरताना गळून जातात. आपल्याकडे कळीच धरत नाही. म्हणून एका फळझाडाचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये.)

कल्टारमधील पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. वाढ थांबते, पावसाळ्यानंतरची पालवी आवरली जाते, काडी वेळेवर पक्व होते आणि मोहोर लवकर व जास्त येतो. मार्चमधील पेटीचा भाव तुम्हाला मी सांगायला नको. पण लक्षात घ्या, यात झाडाला अन्न कोठेच मिळाले नाही. आपण फक्त वाढीचा लगाम ओढला. जो लगाम ओढतो त्याने वैरणही घालायला हवी.

आता मात्रेचे बोलू. झाडाच्या विस्ताराचा व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्हीकडून मोजावा व सरासरी काढावी. एका बाजूने ८ मीटर, दुसऱ्या बाजूने ६ मीटर भरला, तर सरासरी ७ मीटर. दर मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे कल्टार ३ मिली. या झाडाला २१ मिली झाले. बाजारात याच द्रव्याची वेगवेगळ्या तीव्रतेची उत्पादने मिळतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय ३ मिलीचा हिशोब लावू नये. "झाड मोठे आहे, घाला थोडे जास्त" हा हिशोब तर नकोच. मोठेपणा व्यासात आलेलाच आहे.

औषध ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळावे. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या बरोबर मध्यावर, वरच्या उदाहरणात बुंध्यापासून पावणेदोन मीटरवर, गोलाकार २५ ते ३० भोके पहारीने १० ते १५ सेंटिमीटर खोल पाडावीत. द्रावण सर्व भोकांत सारखे वाटावे आणि मातीने बुजवावे. आधी तण काढावे. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. जमीन ओली हवी, पण कोसळत्या पावसात देऊ नये.

दहा वर्षांखालील कलमांना, खोडकिड्याने पोखरलेल्या किंवा अशक्त झाडांना हे औषध देऊ नये. ज्यांना द्याल त्यांची खते चुकवू नका: पूर्ण वाढलेल्या कलमाला पावसाळ्याच्या सुरुवातीला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. खताला पैसे नसतील तर त्या वर्षी कल्टारही आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दरवर्षी द्यायचे का, हे झाडाला विचारावे. हे द्रव्य जमिनीत लवकर विरत नाही, मागचा अंश शिल्लक असतो. नवी काडी हातात घेऊन पेरे पाहा. आखडलेले दिसले तर ते वर्ष सोडा. मामांच्या बागेत आम्ही औषध बंद केले, शेणखत वाढवले, हलकी छाटणी केली. तिसऱ्या पावसाळ्यात काडी सरळ निघाली. ती तीन वर्षे घर आंब्यावर चालले नाही.

आणखी एक. थंडी लांबली की फळे धरलेल्या काडीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची बारीक फळे गळतात. तेथे उलटा उपाय करायचा. फळे मोहरी ते वाटाण्याएवढी असताना जिबरेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, फवारावे. पूड थोड्या स्पिरिटमध्ये आधी विरघळवून घ्यावी. जुलैत जे संजीवक आपण अडवले, तेच जानेवारीत वरून देतो, कारण आता नवा मोहोर नको आहे.

बाग कराराने देणाऱ्यांनी करारपत्रात तीन ओळी जरूर घालाव्यात. प्रत्येक कलमाचा मोजलेला व्यास आणि त्यानुसार मात्रा. औषध मालकासमोर द्यायचे. शेवटच्या वर्षी अजिबात द्यायचे नाही. घेणारा कुरकुर करील. त्याचा संबंध पाच वर्षांपुरता आहे, कलम तुमच्या नातवाला आंबे देणार आहे. ज्यांचे करार या महिन्यात व्हायचे आहेत, त्यांनी व्यास मोजण्याची टेप माझ्याकडून घेऊन जावी. आता प्रश्न असतील तर विचारा.