डाळीच्या डब्यातली बँक



८ नोव्हेंबर २०१६. रात्री टीव्हीवर घोषणा झाली, पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद! आमच्या पाच वर्षांच्या नातीनं परमेश्वराच्या यात्रेत घेतलेला मातीचा गल्ला छातीशी धरून भोकाड पसरलं. त्यात मामानं दिवाळीला दिलेली पाचशेची नोट होती.

मी समजावलं, "रडू नको बाई, बँक बदलून देते."

डोळे पुसत ती म्हणली, "मग आजीच्या डाळीच्या डब्यातल्या पण बदलून आणा की!"

घरात एकदम शांतता. डब्यातून निघाले साडेअकरा हजार!

मी अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं, "हे बँकेत का नाही ठेवले?"

सौ. म्हणाली, "छत्तीस वर्षं गावोगावच्या लोकांची खाती उघडली तुम्ही. माझं कधी उघडलं?"

हसू ओठावरच राहिलं. त्याच आठवड्यात रांगेत उभं राहून तिचं खातं उघडलं. नवं पासबुक बघून नात म्हणते, "आजोबा, व्याज माझं हं! डबा मीच सांगितला."

मंडळी, लेकरांपुढं गुपित टिकत नाही. अन् घरच्या लक्ष्मीचं खातं उघडायला नोटबंदीची वाट बघू नका.