दारातल्या माळा

नांदेड असो की लातूर, किराणा दुकानाच्या दारात वेफर्स, कुरकुरे, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. यादीत नसलेली वस्तू सहज हाती यावी, म्हणूनच त्या तिथे असतात. आपण म्हणतो, पाचच रुपये! पण दोन मुलांचे रोजचे दहा, म्हणजे वर्षाचे 3,650 रुपये. मजुरी करणाऱ्या घरात तेवढ्यात मुलांच्या वह्या आणि दप्तर येते. पाकिटाची किंमत तीच राहते, आतले वजन मात्र घटते. ते वाचा. राज्यात 2012 साली गुटखाबंदी झाली. या माळांवर सरकार बंदी घालणार नाही, लगाम आपल्यालाच घालावा लागेल. यादी घेऊनच दुकानात जा. दुकानदार बांधवांनो, माळा मुलांच्या हाताबाहेर टांगा.