थरथरणारा क्लच

पेन्शनच्या पैशांतून मीं माझ्या जुन्या मोटारीला नवी क्लचप्लेट बसविली. दोन महिन्यांत थरथर पुन्हां सुरू झाली!

पहिल्या गिअरमध्यें क्लच हळूहळू सोडतांना गाडी थरथरली आणि पाय पूर्ण उचलतांच शांत झाली, तर क्लचकडे पाहावें. उभ्या गाडींतहि इंजिन हलत असेल, तर दोष बहुधा अन्यत्र असतो. प्रथम इंजिनाचीं रबरी माउंटिंगें व त्यांचे बोल्ट तपासावे. त्यास खर्च थोडा. मगच गिअरबॉक्स उतरवून प्लेटवर तेल किंवा फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग आहेत काय, तें पाहावें.

माझी नवी प्लेट तेलानें माखली होती. गळकें ऑइलसील मीं बदललेंच नव्हतें. कारण न शोधतां उपाय करूं नये, हा जन्मभर शिकविलेला धडा मीच विसरलों होतों.