अन्ननलिकेचा कर्करोग : गाठ होण्यापूर्वीची वर्षे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवितो. तेव्हा मी कर्करोगावर बोलणार हे ऐकून आमच्या विज्ञानाच्या सरांना थोडे हसू आले असेल. पण या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मामूंमुळे. प्रथम त्यांना कोरडी भाकरी उतरेना, म्हणून ती सालनात कुस्करून खाऊ लागले. पुढे नुसता भात, मग पेज. चार-पाच महिने आम्ही सारे पाहत होतो आणि 'वय झाले' असे म्हणत होतो. शहरातल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले तेव्हा गाठीने वाट जवळजवळ बंद केली होती. डॉक्टर म्हणाले, "हा आजचा रोग नव्हे. सुरुवात दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असावी." मामू त्याच वर्षी गेले. एवढी वर्षे तो रोग आत काय करीत होता, हे शोधता शोधता जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी. तिच्या आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते. वरचे थर झिजून जातात आणि तळच्या पेशी विभागून नवे थर पुरवितात. विभागण्यापूर्वी प्रत्येक पेशीला आपल्या डी.एन.ए.ची, म्हणजे सुमारे ६०० कोटी अक्षरांच्या ग्रंथाची, नक्कल करावी लागते. अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी.

वडीलधाऱ्यांना कातिब आठवत असतील. संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्र हाताने लिहून मग छापीत. एक नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चे 'जुदा' होते! म्हणून कातिबाने लिहिलेले पान मुसह्हेहाकडे, म्हणजे तपासनिसाकडे जाई. पेशीतही असे तपासनीस आहेत. त्यांपैकी एक प्रथिन १९७९ साली उजेडात आले. त्याचे नाव रुक्ष आहे : पी-५३. डी.एन.ए.ला इजा झाली की पी-५३ विभाजन थांबविते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावते. या प्रथिनाची आज्ञा लिहिलेले जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून.

आता नुक्ता हलतो कशाने? मामूंच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असे. चघळायच्या तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये असतात. ती शरीरात पालटून डी.एन.ए.च्या अक्षरांना चिकटतात. विडीच्या धुरातले बेंझोपायरीन बहुतकरून 'जी'ला चिकटते आणि नक्कल करताना तेथे 'टी' उतरतो. मद्यापासून शरीरात होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइडही असेच घातक. अशा हजारो चुकांपैकी एखादी नेमकी पी-५३ च्या जनुकावर पडते. तपासनिसाचीच दृष्टी जाते म्हणा ना! पुढे दुसरी प्रतही गेली की त्या पेशीला थांबविणारे फारसे कोणी उरत नाही. तिच्या वंशात गुणसूत्रांची संख्याही बिघडू लागते.

मला सर्वांत नवल वाटले ते २०१८ सालच्या इंग्लंडमधील एका संशोधनाचे. २० ते ७५ वयाच्या, अन्ननलिकेचा कर्करोग नसलेल्या ९ व्यक्तींचे अस्तर तपासले. डोळ्यांना ते अगदी निरोगी होते. तरी मध्यम वयापर्यंत निम्म्याहून अधिक अस्तर जनुके बदललेल्या पेशींनी व्यापलेले आढळले. नॉच-१ नावाच्या जनुकातील बदल तर कर्करोगापेक्षा या निरोगी अस्तरातच अधिक होते! म्हणजे जनुक बदलले की कर्करोग झालाच, असे मुळीच समजू नये. बदल साठत जातात, आणि त्यांतल्या काही थोड्याच पेशी पुढची पायरी चढतात. या जातीच्या कर्करोगात मात्र पी-५३ चे जनुक बहुतेक नेहमी बिघडलेले सापडते.

ती पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पेशींची केंद्रे मोठी व गडद होतात, थरांची शिस्त मोडते. यास डिस्प्लेशिया म्हणतात. हा अद्याप कर्करोग नव्हे. चीनच्या हेनान प्रांतात लिनशियान भागात हा रोग पिढ्यान् पिढ्या फार आहे. तेथे १९८७ साली ६८२ लोकांची दुर्बिणीने तपासणी करून पुढे साडेतेरा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांचे अस्तर नीट होते त्यांच्यापैकी शंभरात ८ जणांना कर्करोग झाला. सौम्य डिस्प्लेशिया असलेल्यांत २४, मध्यम असलेल्यांत ५० आणि तीव्र असलेल्यांत ७४ जणांना. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि बराच वेळ पाहत बसलो. सौम्य पायरीवरच्या शंभरातल्या ७६ जणांना साडेतेरा वर्षांत कर्करोग झाला नाही. मामूंनाही कधीतरी त्या पायरीवर उभे राहून वर्षे काढली असणार, आणि तेव्हा भाकरी सुखाने उतरत असणार.

हे डाग साध्या दुर्बिणीला सहज दिसत नाहीत. तेथे उपयोगी पडते आयोडीन. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग पाहिला आहे. अन्ननलिकेच्या निरोगी पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे प्राण्यांच्या शरीरातला स्टार्चच, साठलेला असतो. आयोडीन फवारले की तो भाग तपकिरी होतो. बिघडलेल्या पेशींत ग्लायकोजेन नसल्याने तेवढा डाग फिकट राहतो. तो दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो, छाती न उघडता.

पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या जातीचा रोग जास्त आहे. वर्षानुवर्षे जठरातले आम्ल वर येऊन अस्तर आतड्यासारखे होते. आतड्यात चालू असणारे सीडीएक्स-२ हे जनुक भलत्याच जागी जागे होते. यास बॅरेट यांचे नाव आहे. तेथे पी-१६ हे जनुक बरेचदा लवकर बिघडते आणि पी-५३ नंतर. डिस्प्लेशिया नसेल तर वर्षाला शंभरात एकालाही कर्करोग होत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक रुग्ण पहिल्या जातीचेच असतात, आणि तंबाखू, सुपारी ही त्याची ओळखीची कारणे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळेतल्या मुलांना आम्हा शिक्षकांपेक्षा चांगले ठाऊक असते. मुलांनो, मी कोणाकडे पाहत नाही.

एक भगिनी मघाशी विचारीत होत्या, प्रत्येकाने दुर्बीण घालून घ्यावी काय? तशी गरज नाही. पण घास अडकू लागला, कोणी भाकरी सोडून पेजेवर आले, वजन उतरू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. वर्षानुवर्षे छातीत जळजळ असणाऱ्यांनीही सोड्यावर भागवू नये.

बाहेर चहा तयार आहे असे मला खुणेने सांगत आहेत. इराणच्या गोलेस्तान प्रांतातही हा रोग फार. तेथील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ओतल्यापासून दोन मिनिटांच्या आत चहा पिणाऱ्यांत, चार मिनिटे किंवा अधिक थांबणाऱ्यांपेक्षा हा रोग बराच अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सियसहून गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. आपल्याजवळ थर्मामीटर नाही, घड्याळ आहे. चार मिनिटे मी आणखी बोलू शकलो असतो, पण तेवढा वेळ आपण कपाकडे पाहत काढावा.